इथे ओळखीचं कोणी आहे का?

मोबाईलचं सिमकार्ड घेण्यासाठी पूर्वी जो कागदी फॉर्म भरावा लागे, त्यातला एक रकाना गावातल्या माणसाने कधी भरलाच नाही. तो परराज्यातल्या आणि परदेशी ग्राहकांसाठी होता. त्यात स्थानिक ओळखीच्या व्यक्तीचं नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहायचा असे. कलबुर्गीहून सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोटला कामाला आलेला मुलगा असो की जर्मनीहून तिथल्याच शिवपुरी आश्रमात आलेला साधक, दुकानदार दोघांनाही एकच विचारी, इथे ओळखीचं कोणी आहे का? पहिल्याचं घर एसटीने दोन-तीन तासांवर, दुसऱ्याचं सातासमुद्रापार. फॉर्मला दोघे सारखेच परके.

हा प्रश्न काही सिमकार्डाबरोबर जन्मलेला नाही. त्याचा माग काढत मागे गेलं की दोन वाटा लागतात. एक सराया आणि धर्मशाळांच्या नोंदवहीकडे जाते, दुसरी टेलिफोनच्या तारेकडे. सिमकार्डाच्या दुकानात त्या दोन्ही येऊन मिळाल्या. हे पाहायला अक्कलकोटसारखं दुसरं गाव नाही, कारण इथे परका माणूस रोजचा आहे.

अक्कलकोटचं राजघराणंच मुळात इथलं नव्हे. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत येत होते, तेव्हा पारदच्या लोखंडे पाटलांच्या घरातलं एक मूल त्यांच्या पदरात घातलं गेलं. राणोजी लोखंडे हे ते मूल. पुढे ते फत्तेसिंह भोसले झाले आणि अक्कलकोटचं राज्य त्यांच्याकडे आलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर श्री स्वामी समर्थ या गावात आले आणि १८७८ मध्ये समाधी घेईपर्यंत इथेच राहिले. ते कुठून आले, आईवडील कोण, याचा कागद कोणाकडे नव्हता. नाव-गाव विचारणाऱ्यांना त्यांनी आपलं मूळ वडाच्या झाडात सांगितलं, अशी आठवण भक्तपरंपरेत आहे. गावातल्या चोळप्पांच्या घराने त्यांना ठेवून घेतलं आणि गावाला तेवढी ओळख पुरली. मला ही गोष्ट केवळ श्रद्धेची वाटत नाही. परक्या माणसाची हमी घरातल्या माणसाने द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत त्यात स्वच्छ दिसते. फॉर्ममधला तो रकाना त्याच रीतीचा सरकारी वारस आहे.

या रीतीची दुसरी बाजू संशयाची. मराठेशाहीत परमुलखातून जायचं तर राहदारीचं दस्तक जवळ लागे आणि नाक्यावर ते दाखवावं लागे. गावात कोणी अनोळखी उतरला तर पाटलाच्या कानावर घालायचं, ही पद्धत पुढे पोलीस पाटलाच्या कामात आली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला वाटसरूंचीच धास्ती बसली. १८६४ मध्ये त्यांनी परकीयांचा पहिला कायदा केला आणि १८६७ मध्ये सरायांचा. सराई चालवणाऱ्याने तिची नोंद जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे करायची आणि मागणी झाली तर मुक्कामाला कोण उतरलं याची खबर द्यायची. रात्रीपुरतं छप्पर देणारा माणूस अशा रीतीने सरकारचा कारकून झाला. दीडशे वर्षांनी तेच काम सिम विकणाऱ्याच्या गळ्यात पडलं.

अक्कलकोटला परमुलूख शोधायला लांब जावं लागत नसे. हे संस्थान निजामाच्या राज्याला लागून होतं. आळंदच्या बाजूला गेलं की मुलूख बदले. तिथे हाली शिक्क्याचं नाणं चाले, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके माल अडवत, टपालाची तिकिटंसुद्धा निजामाची वेगळी. दत्तभक्तांना मात्र अक्कलकोट आणि पलीकडचं गाणगापूर ही एकाच वाटेवरची दोन ठाणी. १९४८ मध्ये अक्कलकोट मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद भारतात आलं आणि पुढे करोडगिरीही गेली. पण १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत गुलबर्गा (आताचा कलबुर्गी) जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि दुधनीच्या पलीकडे पुन्हा एक रेघ आली. गावांत कन्नड आणि मराठी आजही एकाच ओसरीवर बोलल्या जातात. पुढे मोबाईल आला आणि दूरसंचार खात्याने आपली मंडळं राज्यांच्या हद्दींवर बेतली, तेव्हा अक्कलकोट महाराष्ट्र-गोव्याच्या मंडळात पडलं आणि गाणगापूर कर्नाटकाच्या. दर्शनाला निघालेल्या माणसाचा फोन हद्द ओलांडली की रोमिंगवर जाई आणि घरून आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. सीमेलगतच्या गावांत तर घरात बसून पलीकडच्या टॉवरची रेंज पकडली जाते. त्या काळात हा भुर्दंड होता आणि तो सोसणारी माणसं शेतकरी, हमाल, यात्रेकरू होती. भाषावार रेघेने जे तोडलं नव्हतं, ते मोबाईलच्या बिलाने काही वर्षं तोडलं. २०१६ नंतर कंपन्यांतल्या दरयुद्धात रोमिंगचा हा आकार संपला. आता हद्दीवर येतो तो फक्त स्वागताचा मेसेज.

आता दुसरी वाट. टेलिफोन जोवर तारेवर होता तोवर फोनवाल्याला ओळख मागायची फारशी गरज नव्हती. तार घरातच येऊन थांबे. लाइनमन येऊन खांबावरून वायर ओढायचा, भिंतीला खिळे ठोकायचा, डबा बसवायचा. पत्ता खोटा असेल तर फोन लागणारच नाही. नंबर माणसाचा नसे, घराचा असे. वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी ओलांडून फोन मिळवलेल्या कुटुंबाचं नाव डिरेक्टरीत छापून येई. परगावच्या माणसाला फोन मिळायचा प्रश्नच नव्हता. घर नाही तर फोन नाही.

परगावच्या माणसाची सोय १९८० च्या दशकाच्या अखेरीस एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाटीने केली. सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये उभ्या राहिलेल्या सी-डॉटने देशी एक्स्चेंज बनवले आणि छोट्या गावांतूनही थेट फोन लागू लागला. तीर्थक्षेत्रांतल्या बूथवर रात्री सवलतीच्या दराची वेळ झाली की रांग लागे. सुखरूप पोचलो, दर्शन झालं, उद्याच्या गाडीने निघतो, एवढं सांगायला दोन-तीन मिनिटं. मीटरचे आकडे पळत, पावती निघे, पैसे देऊन माणूस चालू लागे. त्याचं नाव कोणी विचारलं नाही. परक्या माणसाला परक्या गावात इतक्या सन्मानाने बोलू देणारी व्यवस्था आपल्याकडे त्याआधी नव्हती आणि नंतरही झाली नाही. तिचं पुरेसं कौतुक आपण केलेलं नाही.

सिमकार्डाने तार काढून टाकली. १९९१ मध्ये जर्मनीच्या गीझेके उंड डेव्हरिएंट कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिन्याला पहिली ३०० सिमकार्डं पुरवली. तेव्हाचं कार्ड आजच्या एटीएम कार्डाएवढं होतं. १९९६ मध्ये नखाएवढं छोटं आलं, मग त्याहून छोटं, आणि आता ई-सिमच्या रूपात कार्डच उरलेलं नाही. सगळ्यांत गाभा तोच राहिला. सिममध्ये ग्राहकाचा जास्तीत जास्त पंधरा आकडी क्रमांक असतो आणि एक गुप्त किल्ली असते, जी कार्डातून कधीच बाहेर येत नाही. क्रमांकाचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे ४०४ आणि ४०५, जर्मनीचे २६२. पुढचे आकडे कंपनी सांगतात.

जर्मनीचं सिम घातलेला फोन अक्कलकोटात सुरू झाला, की टॉवरमागची यंत्रणा हे आकडे वाचून थेट त्याच्या मूळ कंपनीला विचारते, हा तुमचा माणूस आहे का? तिकडून एक कोडं येतं, सिम गुप्त किल्लीने ते सोडवतं आणि उत्तर जुळलं की फोनला रेंज येते. म्हणजे रोमिंगमध्ये पाहुण्याची हमी त्याचं घर देतं. कागदी फॉर्मने मात्र ही हमी त्याला ज्या गावात कोणी ओळखत नाही त्या गावातून मागितली. यंत्राने निवडलेली रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. अडचण एवढीच की रोमिंग महाग पडतं आणि त्या नंबरावर इथला माणूस सहज फोन करत नाही. महिना-दोन महिने राहायचं तर इथलाच नंबर हवा.

भारतात पहिला मोबाईल फोन ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केलेला. सुरुवातीची वर्षं इतकी महाग होती की ग्राहक आपोआप ओळखीचाच असे. १ मे २००३ पासून येणारे फोन मोफत झाले, प्रीपेड कार्डं स्वस्त झाली आणि कंपन्यांना ग्राहकांची घाई झाली. दुकानदार आधी कार्ड चालू करून द्यायचा, कागद मागाहून जमवायचा. एकाच मतदार ओळखपत्राच्या झेरॉक्सवर भलत्यांचीच सिमं निघत, हेही त्या काळात सर्रास चाले. २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या तपासात दुसऱ्यांच्या कागदांवर घेतलेल्या सिमकार्डांचा विषय आला आणि सरकारचा सूर बदलला. २००९ च्या नोव्हेंबरात जम्मू-काश्मीरमध्ये प्रीपेड फोनच बंद केले गेले. दोन-अडीच महिन्यांत ती बंदी उठली, पण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे न चालण्याचा नियम राहिला. श्रीनगरला उतरलेल्या किती मराठी कुटुंबांना स्वतःच्याच देशात आपला फोन मुका झालेला पाहावा लागला! अमरनाथच्या यात्रेकरूंसाठी यात्रेच्या परवान्यावर ठरावीक दिवसांचं सिम देण्याची सोय झाली. यात्रेकरू हा वेगळा ग्राहक आहे, हे तिथे कोणाला तरी सुचलं.

२०१२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका यांच्या जनहित याचिकेत प्रीपेड ग्राहकांच्या पडताळणीबद्दल निर्देश दिले आणि ऑगस्टमध्ये दूरसंचार खात्याने नवे नियम काढले. विक्रेत्याने ग्राहकाला प्रत्यक्ष पाहायचं, मूळ कागद पाहायचे, तसं सहीनिशी लिहून द्यायचं. सिम पडताळणीनंतरच चालू व्हायचं. माझ्या मते परक्या ग्राहकाच्या बाबतीत खरं वळण इथे आलं. आता चूक झाली तर फौजदारी दुकानदारावर होती. पाच-पन्नास रुपयांच्या कमिशनसाठी अनोळखी पासपोर्टची जोखीम कोण घेईल? नियमात परदेशी माणसाला सिम नाकारा असं कुठेही नव्हतं. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, मुक्कामाचा पत्ता आणि स्थानिक ओळख दिली तर सिम मिळायला हवं होतं. पण दुकानदार पासपोर्ट पाहिला की सोलापूरला जा म्हणू लागला आणि त्यात त्याचा दोष काढणं अन्यायाचं होईल.

आधारची कथा महाराष्ट्रातूनच सुरू झाली. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. २०१६ पासून अंगठा लावला की काही मिनिटांत सिम चालू होऊ लागलं. देशातल्या देशात परकेपणा त्याने बराचसा पुसला, हे मान्य करायला हवं. कलबुर्गीच्या मुलाला आता ओळखीचं कोणी शोधावं लागत नाही. २०१७ मध्ये तर सगळ्या जुन्या नंबरांनाही आधार जोडायचा आदेश निघाला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीने आधार ऐच्छिक झालं. कागदी फॉर्म १ जानेवारी २०२४ पासून संपला. दुकानदार मोबाईलवरच फोटो काढतो, कागद स्कॅन करतो. त्याच्याही एक महिना आधीपासून सिम विकणाऱ्यांची स्वतःची नोंदणी सक्तीची झाली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवणुकीने सिम मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आर्थिक फसवणुकीचे फोन घराघरांत येत असताना या कडकपणाला विरोध करावासा वाटत नाही. आयुष्यभराची पुंजी एका फोनवर गमावलेली म्हातारी माणसं आपल्या ओळखीत असतात. पण अंगठ्याची वाट जितकी रुंद झाली, तितकी अंगठा नसलेल्याची वाट अरुंद झाली, हेही खरं.

आणि असा माणूस अक्कलकोटला येतो. शिवपुरी आश्रमातून गजानन महाराजांनी (१९१८–१९८७) अग्निहोत्राचा प्रसार केला आणि त्यांच्या शिष्यांनी, विशेषतः वसंत परांजपे यांनी, तो अमेरिका, जर्मनी, पोलंडपर्यंत नेला. सूर्योदय-सूर्यास्ताला तांब्याच्या पात्रात आहुती देणारे तिकडचे साधक शिवपुरीला येतात. १९३९ च्या परकीय नोंदणी कायद्यापासून अशा पाहुण्याला ठेवून घेणाऱ्यावर नोंदीचं बंधन आहे. त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा सी-फॉर्म चोवीस तासांत पोलिसांकडे जायला हवा, मग ते हॉटेल असो, आश्रम असो की घर. १८० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याने परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जायचं आणि जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षकांकडे. १ सप्टेंबर २०२५ पासून हे सगळे जुने कायदे एका नव्या स्थलांतर आणि परकीय कायद्यात गोळा झाले, पण मुक्कामाची खबर देण्याची अट तशीच आहे. म्हणजे सिमच्या दुकानात पोचण्याआधीच या माणसाची नोंद सरकारच्या एका संगणकात झालेली असते. दुसऱ्या संगणकाला ती दिसत नाही, म्हणून त्याला तीच ओळख पुन्हा पटवावी लागते. २०१७ मध्ये ई-व्हिसावर येणाऱ्यांना दिल्ली विमानतळावर बीएसएनएलचं सिम भेट देण्याची योजना निघाली होती. व्हिसा देणारा आणि सिम देणारा एकच कागद पाहील, ही त्यामागची कल्पना योग्य होती.

त्याहून अवघड जागी उभा असतो तो आपलाच माणूस. जन्म सोलापूरचा, कुलदैवत तुळजापूरचं, पासपोर्ट अमेरिकेचा, खिशात ओसीआय कार्ड. नागरिकत्व कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आलेलं हे कार्ड आयुष्यभराचा व्हिसा देतं, पण नागरिकत्व देत नाही. आधारसाठी त्याला आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. वडिलांच्या श्राद्धाला तीन आठवड्यांसाठी आलेल्या लेकाकडे म्हणून आधार नसतं. भारतीय पासपोर्टवर परदेशी राहणाऱ्याला ही १८२ दिवसांची अट नाही. अक्कलकोटच्या अन्नछत्रात पंगतीला बसताना त्याला कोणी नाव विचारत नाही. श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळ १९८८ पासून हेच करत आलं आहे. पण खोली घेताना आणि सिम घेताना तो परदेशी. अशा वेळी भाचा, मेहुणा, शाळेतला मित्र आपल्या नावावर सिम काढून देतो. प्रेमापोटी केलेली ही गोष्ट आज धोक्याची आहे. सिम ज्याच्या नावावर, त्या नंबरावरून जे होईल त्याची चौकशी त्याच्याकडे येते. कोणी कितीही जवळचा असला तरी हे करू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

मराठी माणसाने परदेशात जाऊन हाच अनुभव उलट्या बाजूने घेतलेला आहे. दुबईत २०१२ पासून प्रत्येक सिमची नव्याने नोंदणी झाली आणि निवासाचं ओळखपत्र संपलं की नंबरही संपायची पाळी येऊ लागली. सौदी अरेबियात २०१६ पासून इकामा (निवास परवाना) आणि बोटाचा ठसा दोन्ही लागतात. कामगार तिथे मालकाच्या नावाने ओळखला जातो. स्वित्झर्लंडने २००४ मध्येच प्रीपेड ग्राहकांची नोंदणी सक्तीची केली. जर्मनीत १ जुलै २०१७ पासून ओळखपत्र पडताळल्याशिवाय प्रीपेड सिम चालू होत नाही. विद्यार्थी पोस्टात जाऊन पासपोर्ट दाखवतो किंवा व्हिडिओ कॉलवर तो कॅमेऱ्यासमोर तिरपा-सरळ करून दाखवतो. प्रीपेड ग्राहकांची माहिती नोंदवून ठेवायला लावणाऱ्या तिथल्या आधीच्या कायद्याविरुद्धचा खटला युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. ब्रिटनमध्ये मात्र आजही दुकानातून सिम विकत घ्यायचं आणि फोनमध्ये घालायचं, नाव कोणी विचारत नाही. मेक्सिकोने नोंदवही केली, निरुपयोगी ठरली म्हणून २०११ मध्ये मोडली, २०२१ मध्ये पुन्हा कायदा केला आणि २०२२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. जर्मनीत स्थानिक ओळखीच्या माणसाची अट नाही. पासपोर्ट खरा आणि समोरचा चेहरा त्यावरचाच, एवढं पुरतं. ही पद्धत आपण घ्यायला हवी.

कारण सिम आता बोलण्यापुरतं उरलेलं नाही. ओटीपी त्याच्यावर येतो. रेल्वेचं तिकीट, बँकेचा व्यवहार, खोलीचं आरक्षण, बहुतेकदा भारतीय नंबर लागतो. म्हणून परदेशात स्थायिक झालेली मराठी माणसं इथलं जुनं सिम रिचार्ज मारून जिवंत ठेवतात. ते बंद पडलं तर आईसोबतच्या संयुक्त खात्यात शिरता येत नाही. २०२३ च्या जानेवारीत दहा देशांतल्या नंबरांवर अनिवासी भारतीयांना यूपीआय वापरण्याची मुभा मिळाली. त्यांत अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, अमिराती, सौदी होते, जर्मनी आणि जपान नव्हते. बाहेरून आणलेल्या ई-सिमवर नकाशा दिसतो, व्हॉट्सॲप चालतं, पण भारतीय नंबर नसल्याने ओटीपीचं दार बंदच राहतं.

सी-फॉर्मची पोच हाच मुक्कामाचा पुरावा धरावा, स्थानिक ओळखीचा आग्रह पूर्ण सोडावा आणि तीर्थाच्या गावांत कंपन्यांनी परदेशी पासपोर्टवर सिम देणारं निदान एक अधिकृत केंद्र ठेवून त्याची पाटी मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लावावी. सरकारला जे हवं ते यातून मिळतं आणि दुकानदाराची भीतीही जाते. हे होईपर्यंत येणाऱ्याने मूळ पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड, आश्रमाचं वा हॉटेलचं पत्र आणि सी-फॉर्मची प्रत सोबत ठेवावी, शक्यतो मुंबई-पुण्याच्या विमानतळावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या दालनात सिमचं काम उरकावं, नंबरची मुदत व्हिसाशी बांधलेली आहे का ते विचारून घ्यावं आणि मगच अक्कलकोटची गाडी धरावी.